काठावर एक माणूस लागतोच

...आणि वर मलाच म्हणतात, "एमील, तुझी बाबा मजा आहे, तुला मस्त चालायला मिळतं!" चालायला मिळतं म्हणे. अहो, सुट्टी बोटीची, फोटो बोटीचे, गावभर सांगून ठेवलेलं तेही बोटीचं, आणि मी आठवडाभर कुठे? काठावर. चिखलात, बदकांच्या घाणीत, एका हातात दोर आणि दुसऱ्या हातात अर्धवट खाल्लेला पाव. तुम्हाला सांगतो, आमच्या बर्गंडीचा हा कालवा मी जेवढा पायांनी बघितला तेवढा बोटीतून बघितला नाही. बोट बघितली मी, नाही असं नाही, पण लांबून. लांबून छान दिसते.

का? तर म्हणे, काठावर एक माणूस लागतोच.

आता हे कोण म्हणतं, तर एदगार. एदगार म्हणजे आमचा कप्तान. कप्तान कसला, आयुष्यभर औषधांचं दुकान चालवलं, गोळ्या मोजल्या, निवृत्त झाल्यावर एक पांढरी टोपी विकत घेतली, झाला कप्तान. आणि तुम्हाला ठाऊक आहे ना, कालव्यातली भाड्याची बोट चालवायला परवाना लागत नाही? लागत नाही! बोटवाला येतो, म्हणतो हे सुकाणू, हा पुढे जायचा दांडा, हाच मागे यायचा, इथे सही करा, शुभयात्रा. बस. आणि बोट केवढी, तर बसएवढी. मी, ज्यानं उभी हयात या गावाला मोटार शिकवण्यात घालवली, ज्याच्या शेजारी बसून अर्धं गाव रडलेलं आहे, त्या मला हे उघड्या डोळ्यांनी बघावं लागतं. त्यात एदगार माझाच विद्यार्थी, कितीदा नापास झाला ते त्यालाच विचारा. आरशात बघायचंच नाही या माणसानं. "एदगार, आरसा." "हो हो." "एदगार, आरसा." "बघितला की!" काय बघितलास, स्वतःची मिशी बघितलीस. हा आता बोट चालवतो. आणि बोटीला ब्रेक नसतो, हे कोणी लक्षात घेतलंय का? पहिल्या दिवशी मी बसलो होतो त्याच्या शेजारी, तर ब्रेक दाबून दाबून माझा पाय फळीतून आरपार जायचा बाकी होता, आणि तोंडानं मी काही बोलत नव्हतो हं, नुसता श्वास घेत होतो, पण माझा श्वास म्हणे मोठ्यानं ऐकू येतो. शेवटी सोलांज, एदगारची बायको, ती मधात बोट बुडवल्यासारख्या आवाजात म्हणाली, "एमील, तू असं कर ना, पुढच्या लॉकला उतरच तू." आणि एदगार पुढे बघत म्हणाला, "हो, उतर. काठावर एक माणूस लागतोच."

लागतो, हे खरं आहे, मी खोटं कशाला बोलू. लॉक म्हणजे काय, दगडी हौद, दोन्ही टोकांना ही अवाढव्य दारं. बोट आत घ्यायची, मागची दारं लावायची, पाणी सोडायचं, बोट वर येते, पुढची दारं उघडायची, चला. की आलं पुढचं लॉक. चढाला तर जिन्यासारखी एकापुढे एक. आता बोट असते खाली, हौदाच्या तळाशी, भिंती डोक्याच्या वर, शेवाळलेल्या. मग वर कोणीतरी हवा जो दोर झेलेल, खुंट्याला गुंडाळेल, लॉकवालीला दार ढकलायला हात देईल, बोट गेली की दार परत लावेल. आणि मग उडी मारून बोटीत येईल, असा नियम. पण पुढचं लॉक समोरच दिसतंय. "कशाला चढतोस एमील, परत उतरायचंच आहे." बरोबर आहे. मग मी चालतो. बोट शेजारून चालते. डेकवर टेबल, टेबलावर गार पांढरी वाइन, सॉसेजचे काप, छोट्या काकड्यांचं लोणचं, आणि चौघं जण माझ्याकडे बघून हात हलवतात. मीही हलवतो. काय करणार, ओळखीचे आहेत.

चौघं म्हणजे एदगार-सोलांज ही एक जोडी आणि रेमों-यूगेत ही दुसरी. रेमों आमचा बेकरीवाला, आता बेकरी लेकाकडे आहे पण उठतो अजून पहाटेच, आणि मग सगळ्यांनी का उठू नये असं त्याला वाटतं. यूगेतचा खांदा धरलेला, त्यामुळे दोर तिला जमत नाही. आणि तिसरी जोडी आम्ही. म्हणजे होतो. इवेत, माझी बायको, नोव्हेंबरात गेली.

सोलांज, यूगेत आणि इवेत या तिघी शाळेपासूनच्या मैत्रिणी, एका बाकावरच्या. नवरे मागून आले. एदगार काय, रेमों काय, मी काय, आम्ही तिघं म्हणजे या बायकांबरोबर आलेलं सामान. दर जूनला सहा जण आणि एक बोट, वर्षानुवर्षं. आणि गंमत सांगू का, तेव्हाही काठावर मीच असायचो. मी आणि इवेत. ती दोर झेलायची, मी दार ढकलायचो, मग पुढच्या लॉकपर्यंत चालत, ती बडबडतेय, मी "हं" करतोय, ती विचारते काय म्हटलं मी आत्ता, मी म्हणतो काहीतरी काकूंबद्दल, ती म्हणते काकूंना जाऊन दहा वर्षं झाली एमील... एवढी वर्षं चाललो आम्ही, पण एकदासुद्धा मनात आलं नाही की आपण इथे राबतोय आणि ते तिथे बसलेत. दोन माणसं काठावर असली ना, की त्याला फिरणं म्हणतात हो. एकटाच असला की ते काम.

तर यंदा सोलांजचा फोन आला, "एमील, तू येणारच आहेस, विचारत नाहीये, सांगतेय." मी म्हटलं येतो. पण तुम्हाला आमच्या गावची रीत सांगतो. माणूस गेलं की पहिलं वर्ष सगळे बोलावतात. सूप पाठवतात. रविवारी जेवायला ये म्हणतात. नाताळात तर मला तीन घरांतून बोलावणं होतं, तिन्हीकडे जाऊन आलो, पोट बिघडलं. पण ते पहिलं वर्ष. खरं काय ते दुसऱ्या वर्षी कळतं. आणि आमच्या या सहलीची पद्धत अशी की शेवटच्या संध्याकाळी बोट परत करताना, तिथल्या तिथे, पुढच्या जूनची बोट ठरवून टाकायची. किती माणसांची ते सांगायचं, हात झटकायचे. तर मी निघतानाच मनाशी म्हटलं, एमील, शनिवारी एदगार त्या खिडकीपाशी उभा राहील आणि म्हणेल चार नाहीतर पाच. तुझा निकाल तो.

आता एखाद्याला वाटेल, हा एवढा कसला विचार, मित्रच आहेत. अहो मित्र कोणाचे? मैत्रीण होती ती त्यांची. मी तर सामान. सामानाची मालकीणच राहिली नाही, तर सामान कोण नेतं बरोबर? म्हणून मी काय केलं, कुरकुर केली, ती मी करणारच, पण उतरलो प्रत्येक लॉकला. पळालो. दोर झेलले, दारं ढकलली, रेमोंची टोपी पाण्यात पडली ती आकडीनं काढून दिली. मला वाटलं उपयोगाचा माणूस सहसा कोणी टाकत नाही. काठावर एक माणूस लागतोच ना? मग तो मीच असेन.

आता बुधवार ऐका. सकाळपासून लॉकमागून लॉक, नुसता जिना. रेमोंचं काम काय, तर पुढे उभं राहून हाका मारायच्या. उंटावरून शेळ्या. बोट लॉकजवळ आली की हा छाती फुगवून ओरडणार, पार पलीकडच्या गावातल्या गाई माना वर करतात. तर त्या जिन्यातलं शेवटचं लॉक आलं आणि रेमों ओरडला, जसा तो एवढी वर्षं ओरडत आलाय तसाच, "इवेत! एमील! दोर!"

झालं. सगळं थांबलं. म्हणजे बोट नाही थांबली, तिला ब्रेक नाही, पण माणसं थांबली. रेमोंचा चेहरा असा, की भट्टीत पाव विसरलाय. यूगेत त्याच्याकडे बघतेय, सोलांज पाण्याकडे बघतेय, एदगार... एदगार पुढेच बघतोय, तो काय कुठेही बघत नाही. मी म्हटलं, "आलो." आणि मारली उडी. काय बोलणार? त्याचा काय दोष, वर्षांची सवय जिभेला. माझंही तेच आहे की. सकाळी अजून दोन कप काढतो मी, मग एक परत ठेवतो.

वर चढलो, लॉकच्या पुढेच बोट बांधली, कारण बारा वाजले. बारा वाजता लॉक बंद म्हणजे बंद, लॉकवाल्यांनी पण जेवायचं असतं, आणि ते बरोबरच आहे. पण ते जेवण सांगू तुम्हाला? आजाऱ्याच्या खोलीत जेवल्यासारखं. "मीठ हवंय का एमील?" "लोणी घे ना एमील." "सावलीत बसतोस का एमील?" एरवी माझ्या ताटातली काकडी पळवणारा रेमों, त्यानं स्वतःच्या ताटातल्या मला वाढल्या. मला घास जाईना. मी म्हटलं, मी जरा पडतो, आणि खाली केबिनमध्ये जाऊन दार लावून घेतलं. पडलो. तो पलंग दोघांचा, आणि मी सवयीनं एका कडेला. थोडा वेळ छताकडे बघितलं. वर चौघांची कुजबुज. मग म्हटलं इथे पडून करायचं काय, केबिनचं दार तसंच ओढून घेऊन मागच्या दारातून हळूच काठावर उतरलो, कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर पुन्हा "कसं वाटतंय एमील", आणि चालत गेलो मागे लॉकपाशी.

तिथे कॉलेत होती, लॉकवाली. आमच्या वयाची आहे, दंडात पहिलवानाची ताकद, तोंडाला तर विचारूच नका. तिच्या घराशेजारी चेरीचं झाड, ओझ्यानं वाकलेलं. म्हणाली, "अहो, तोडा की, माझ्यानं खाऊन होत नाहीत, पक्षीसुद्धा कंटाळलेत." मी टोपी भरून चेरी तोडल्या. म्हटलं यूगेत काहीतरी गोड करेल यांचं, जरा वातावरण हलकं होईल. टोपी छातीशी धरून परत आलो, तर बोट नाही.

नाही म्हणजे नाही. खुंट्या उपटलेल्या, गवत चेपलेलं, आणि लांब तिकडे वळणावर बोटीचं बूड चाललंय. मला न घेता! दोर रेमोंनंच सोडले असणार, म्हणजे येतं बघा त्याला ते काम.

आता मी ओरडू शकलो असतो. बोट काय हो, माणसाच्या चालीनं जाते, आरडाओरडा केला असता तर थांबली असती. म्हणजे एखाद्या झाडाला धडकून थांबली असती, पण थांबली असती. मी नाही ओरडलो. म्हटलं बघू. बघू कधी लक्षात येतंय. त्यापुढे लॉक नव्हतं, चांगला तासाभराचा सरळ पट्टा होता, काठावर माणूस लागत नव्हता. म्हणजे कामाची गरज नाही. आता कळेल माझी आहे का.

चाललो मागून. बोट माझ्यापेक्षा एक चिमूट जोरात, त्यामुळे अंतर वाढतंच जायचं, पण इतकं हळू की तुम्हाला ते वाढताना दिसतं. आणि बोटीवर काय शांतता! एरवी एदगारचा रेडिओ, रेमोंचं गाणं, यूगेतचं हसणं तर दोन गावं ओलांडून जातं. आज काही नाही. मी म्हटलं बघ एमील, तू नाहीस तर किती निवांत आहेत. किती सुखात आहेत. असं म्हणून एक चेरी खाल्ली. मग दुसरी. यूगेतसाठी तोडल्या होत्या ना, आता एकही देत नाही म्हटलं. रागानं चेरी खाल्ल्या आहेत का तुम्ही कधी? बिया फार लांब जातात. जून महिना, दोन्हीकडे गवत, वर एवढं मोठं आभाळ, आणि त्या सगळ्यात मी एकटा. मला इवेतची इतकी आठवण आली की मी थांबलो आणि उगाच बुटाची नाडी बांधली. बांधलेलीच होती.

मागून गाडीचा आवाज. कॉलेत, तिच्या खटारा व्हॅनमधून. पुढचं लॉकही तिच्याकडेच, बोट पोचायच्या आधी तिला पोचायचं असतं. थांबली. "अहो, तुमची बोट गेली की पुढे."

"जाऊ दे."

"भांडण?"

"नाही. परीक्षा घेतोय."

"कसली?"

"मी नाहीये हे त्यांच्या कधी लक्षात येतं त्याची."

तिनं माझ्याकडे बघितलं, टोपीकडे बघितलं. म्हणाली, "आणि परीक्षा चालू आहे हे सांगितलंय का त्यांना?" मी चेरीची बी थुंकली. मी, ज्यानं आयुष्यभर नियम शिकवले. "बसा गाडीत," म्हणाली, "उन्हात डोकं तापलंय तुमचं."

बसलो. गाडी सुरू केली, आरशात बघून सुरू केली हं, मी मनातल्या मनात गुण दिले. आता व्हॅन बोटीच्या शेजारून जाणार. तर मी काय केलं, मला सांगायला लाज वाटते, मी सीटवरून खाली सरकलो आणि पायांपाशी बसलो, दिसू नये म्हणून. या वयात. गुडघे हनुवटीला, टोपी मांडीवर. वरून कॉलेतचा आवाज, "उठा हो, कोणी बघत नाहीये तुमच्याकडे." आता हे बोलायचं वाक्य आहे का?

पुढच्या लॉकला पोचलो. तिनं दारं उघडून ठेवली. मी उभा राहिलो माझ्या जागेवर, वर, खुंट्यापाशी. बरीच वाट बघितली. बोट आली. आत शिरताना एदगारनं डाव्या भिंतीला घासली, नेहमीसारखी. पुढे रेमों, खाली मान घालून दोराचा गुंता सोडवतोय. गुंता झाला होता कारण सकाळी मी गुंडाळून ठेवला नव्हता, तर बघा. त्यानं दोर वर फेकला, मी झेलला. ऊन माझ्या पाठीशी, त्याच्या डोळ्यांवर, त्याला दिसणार काय, कोणीतरी उभा आहे एवढंच. मी दोर गुंडाळतोय आणि तो खालून कुजबुजत्या आवाजात, अहो रेमों कुजबुजतोय, ज्याच्यामुळे गाई माना वर करतात तो, म्हणतो काय, "श्श... साहेब, जरा हळू करा. खाली आमचा मित्र झोपलाय."

मी तसाच उभा, दोर हातात.

तो पुढे म्हणतो, "माझीच चूक हो. सकाळी माझ्या तोंडून त्याच्या बायकोचं नाव गेलं. गेली ती, थंडीत. तेव्हापासून दार लावून बसलाय, जेवलासुद्धा नाही." आणि हातानं नाक पुसलं.

मी म्हटलं, "झोपला नाहीये तो."

"तुम्हाला काय माहीत?"

"चेरी खातोय."

मग त्यानं डोळ्यांवर हात धरला आणि वर बघितलं. आणि मग जो काही ओरडला ना, "एमील!" म्हणून, की एदगारच्या हातून दांडा पुढे सरकला आणि बोट समोरच्या दारावर आपटली. बंद दारावर. आरसा, एदगार, आरसा!

बोटीत उतरलो तर काय, चौघंच्या चौघं अनवाणी. डेकवर पावलं वाजतात, खाली झोपलेल्याच्या डोक्यावर धप्प धप्प होतं, म्हणून सगळ्यांनी बूट काढून ठेवले होते. एदगारनंसुद्धा. एदगारच्या पायाची बोटं मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली, न बघितलेली बरी. रेडिओ बंद केलेला. बोलायचं तर कानात बोलायचं असं ठरलेलं. आणि माझ्या केबिनच्या बंद दाराबाहेर जमिनीवर एक ताटली, वर रुमाल झाकलेला, खाली चीजचा खारा केक, पार थंड. यूगेत म्हणाली, "तीनदा गरम केला मी. दार वाजवावंसं वाटलं नाही." मला त्यांना काय काय सुनवायचं होतं, वाटेत सगळं पाठ केलं होतं मी, चांगली भक्कम वाक्यं होती. मी म्हटलं, "चेरी संपल्या." आणि तो थंड केक उभ्यानंच खाल्ला. परीक्षा घेणाराच नापास झाला तर काय करतात, हे नियमात कुठे दिलेलं नाही.

तुम्हाला वाटेल, झालं, गोड शेवट. नाही हो. गुरुवारी दिवसभर लॉकच नाही. डोंगरमाथ्यावरचं सपाट पाणी. आणि सोलांजनं फर्मान काढलं, "आज एमील बसणार. उतरायचं नाही." खुर्ची दिली, मऊ उशी दिली, पहिला ग्लास मला. आठवडाभर ज्याच्यासाठी कुरकुर केली ते मिळालं. आणि खरं सांगतो, त्या दिवसाइतका एकटा मी काठावर नव्हतो. कारण काय आहे, नवरा-बायको गोष्ट सांगतात ना, ती दोघं मिळून सांगतात. एक सांगतो, दुसरा चुका काढतो. रेमों म्हणतो, "त्या वर्षी पुरात बेकरीत कमरेएवढं पाणी," यूगेत म्हणते, "घोट्याएवढं," तो म्हणतो, "तू वरच्या मजल्यावर होतीस," ती म्हणते, "कारण तू खुर्चीवर उभा होतास." अशी चालते गोष्ट. मग म्हणाले, एमील, तू सांग काहीतरी. मी आमच्या लग्नातली हंसाची गोष्ट सांगितली, सगळ्यांना पाठ आहे. सांगत आलो, "आणि एवढा मोठा हंस माझ्या अंगावर..." आणि थांबलो. इथे इवेत म्हणते, खोटं, बदक होतं. दरवेळी म्हणते. मी थांबलो तर कोणीच काही म्हणेना. बोटीचं इंजिन चाललंय. मला वाटलं कोणीतरी म्हणा रे, बदक होतं. पण ते कसं म्हणणार, ती जागा त्यांची नव्हती. तर पहिल्यांदाच माझ्या लग्नात हंस आला आणि कोणी हरकत घेतली नाही. मला नको होता तो हंस.

जेवण झाल्यावर मी एदगारला विचारलं, पुढचं लॉक कधी? म्हणाला उद्या. मी म्हटलं जरा जोरात घे की.

मग शुक्रवारी उतरलो पुन्हा. कोणी काही म्हणालं नाही. काठावर एक माणूस लागतोच.

आली शनिवारची संध्याकाळ. बोट परत केली, म्हणजे धक्क्याला आपटली. एदगार आणि सोलांज ऑफिसात गेले, पुढच्या वर्षीचं ठरवायला. मी धक्क्यावर दोर गुंडाळत बसलो. सगळे गुंडाळले. मग शेजारच्या कोणाच्या तरी बोटीचे होते, तेही गुंडाळले. बाहेर आले दोघं. एदगारचा चेहरा असा खुललेला, टोपी मागे सारलेली. म्हणतो, "ठरलं! पुढच्या वर्षी पूर्वेकडचा कालवा घेतलाय, लोरेनमधला. तिथे सगळी लॉकं आपोआप. पाण्यावर एक दांडा लोंबतो, जाता जाता पिरगाळायचा, दारं आपली आपण उघडतात. कोणी उतरायलाच नको. काठावर माणूस लागतच नाही!"

बघा. एवढं राबलो, आणि यंत्र आणलं यांनी. मी म्हटलं छान आहे. मी म्हटलं आराम पडेल तुम्हाला. "मजा करा," म्हटलं, आणि दोर उलगडून पुन्हा गुंडाळायला लागलो.

सोलांज म्हणाली, "मजा करा म्हणजे? तू नाही येणार?"

मी म्हटलं, "लागत नाही ना माणूस."

"एमील," ती म्हणाली, आणि या वेळी आवाजात मध नव्हता हं, "पाच जणांची घेतलीय बोट. यंदा तू एकटाच काठावर पळणार हे दिसत होतं, म्हणून पुढच्या वर्षीसाठी तो लांबचा कालवा शोधला एदगारनं, वसंतापासून नकाशे घेऊन बसलाय रात्रंदिवस. आणि तू काय म्हणतोस, मजा करा?"

मी एदगारकडे बघितलं. तो समोर बघत होता. समोर भिंत होती. मी त्याच्या पाठीवर एक थाप मारली, जरा जोरात बसली असेल. तो खोकला. पाच. पाच म्हणाला तो माणूस त्या खिडकीपाशी, आणि तेसुद्धा माझा काही उपयोग उरलेला नसताना. घरी येईपर्यंत मी गाडीत एक अक्षर बोललो नाही, एदगार चालवत होता तरी.

पण थांबा, यूगेत राहिली. उतरता उतरता ती म्हणाली, "एमील, आता तू मोकळाच. माझा खांदा काही बरा होत नाही. पुढच्या वर्षी स्वयंपाक तुझ्याकडे." मी? मी म्हटलं, अगं मला अंडं उकडता येतं फक्त. म्हणाली, "वर्ष आहे हातात, शीक." झाला ठराव, हात वर, चार विरुद्ध एक.

तर आता शिकतोय. इवेतची पातेली काढलीत, सगळी मोठी, सहा माणसांची, छोटं म्हणून भांडं नाही घरात. रविवारी वाइनमधला कोंबडा केला, पाच जणांच्या मापानं, कारण माप चुकवून कसं चालेल, आणि तुम्हाला सांगतो, चांगला झाला होता हो. आज गुरुवार. अजून तोच खातोय.